अमेरिकेतलं कारखान्याचं गाव कसं वाचायचं

अमेरिकेतल्या बातम्यांमध्ये "प्लांट बंद, इतक्या हजार लोकांच्या नोकऱ्या गेल्या" असं आलं की आपण तो आकडा वाचतो, जरा हळहळतो आणि पुढे सरकतो. मीही बरीच वर्षं हेच करत होते. मग पिट्सबर्गला राहायला आल्यावर एकदा शेजारच्या होमस्टेडला गेले. मॉनोंगाहेला नदीच्या काठाला तिथे आता एक मोठं शॉपिंग सेंटर आहे आणि त्याच्या पार्किंगला लागून विटांच्या उंच चिमण्या एका ओळीत उभ्या आहेत, मोजल्या तर बारा भरतात. खाली काहीच नाही, ना भट्टी ना छप्पर, नुसत्या चिमण्या, आणि बाजूने लोक ट्रॉल्या ढकलत गाडीकडे चाललेले. इथेच एकेकाळी उद्योगपती अँड्र्यू कार्नेगीचा पोलाद कारखाना होता, इथेच ६ जुलै १८९२ ला कंपनीने नदीतून आणलेले पिंकर्टन या खासगी डिटेक्टिव्ह कंपनीचे बंदूकधारी आणि संपावरचे कामगार यांच्यात लढाई झाली, माणसं मेली, आणि १९८६ मध्ये त्याच कारखान्याला कायमचं टाळं लागलं.

त्या दिवशी घरी येऊन वाचायला लागले ते अजून वाचतेच आहे. आणि एक गोष्ट पक्की कळलीये की गेलेल्या नोकऱ्यांच्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. बघायचं ते हे की त्या कारखान्याच्या खुंटीला काय काय टांगलेलं होतं. कारण अमेरिकेत नोकरी म्हणजे नुसता पगार नसतो, नोकरीला आजारपणाचा विमा लटकलेला असतो, म्हातारपणाची पेन्शन लटकलेली असते, कारखान्याच्या करावर गावातली शाळा चालते, आणि घराची किंमत त्या शाळेवर ठरते. खुंटी निघाली की सगळं एकदम खाली येतं. हे सगळं एका गावात कसं शोधायचं, मी कसं शोधते, ते लिहिते. इतिहासाची डिग्री लागत नाही, चिकाटी लागते.

आधी एकच गाव धरा

"अमेरिकन अर्थव्यवस्था" असं वाचायला बसलात तर हाताला काहीच लागणार नाही. एक गाव निवडा. मॅसॅच्युसेट्समधलं लोवेल घ्या, ओहायोतलं यंगस्टाउन घ्या, इंडियानातलं गॅरी घ्या (हे तर १९०६ मध्ये यू.एस. स्टील या पोलाद कंपनीने वाळूच्या टेकड्यांवर अक्षरशः वसवलेलं शहर, नावसुद्धा कंपनीच्या चेअरमनचं), किंवा डेट्रॉइट घ्या, पण डेट्रॉइट फार मोठं आहे, पहिल्यांदाच झेपणार नाही.

पहिला प्रश्न, हे गाव इथेच का? लोवेलला मेरिमॅक नदीचा धबधबा होता, त्या पाण्यावर चाकं फिरवता येत होती. पिट्सबर्गच्या आसपास कोळसा आणि नद्या. गॅरीला मिशिगन लेकवरून जहाजाने लोखंडाचं खनिज येत होतं आणि शिकागोची रेल्वे जवळ. हे आधी कळणं गरजेचं आहे, कारण ज्या कारणाने कारखाना आला ते कारणच संपलं की गावाचे वाईट दिवस सुरू होतात. वीज आल्यावर धबधब्याची गरज उरली नाही, मग कापूस जिथे पिकतो आणि मजुरी जिथे स्वस्त आहे तिथे, म्हणजे दक्षिणेत, गिरण्या गेल्या.

यासाठी माझं सगळ्यात आवडतं साधन म्हणजे सॅनबॉर्न नकाशे. आगीचा विमा देणाऱ्या कंपन्यांसाठी हे नकाशे काढले जायचे, १८६७ पासून, हजारो गावांचे, आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर त्यातले ढीगभर फुकट बघता येतात. विमावाल्याला घर कशाचं आहे त्याच्याशी मतलब, म्हणून विटांची इमारत गुलाबी रंगात, लाकडाची पिवळ्या. एकदा डोळ्याला सवय झाली की नुसत्या रंगावरून कळतं, गुलाबी मोठ्ठा ठोकळा म्हणजे कारखाना, त्याला चिकटून पिवळ्या बारक्या चौकोनांच्या रांगा म्हणजे कामगारांची घरं, कोपऱ्याकोपऱ्यावर दारूचे गुत्ते, आणि टेकडीवर ऐसपैस अंतर सोडून मोठी घरं म्हणजे मॅनेजर लोक. एकाच गावाचे दहा-पंधरा वर्षांच्या अंतराने काढलेले नकाशे शेजारी शेजारी उघडून ठेवा, गाव वाढताना दिसतं.

मग घड्याळ शोधा

हे मला फार उशिरा सुचलं. कारखाना येतो तेव्हा पैशाच्या आधी वेळ बदलते. लोवेलचंच बघा. १८२० च्या दशकात तिथे कापडगिरण्या निघाल्या आणि त्यात काम करायला आसपासच्या शेतकऱ्यांच्या पोरी आणल्या, पंधरा-वीस-पंचवीस वर्षांच्या. शेतावर काम कमी नव्हतं, पण तिथे सूर्य बघून उठायचं, जनावरांचं बघायचं, पाऊस आला तर आत बसायचं. इथे घंटा. उठायची घंटा, गेट उघडायची घंटा, नाश्त्याची, जेवणाची, सुटायची आणि रात्री बोर्डिंग हाऊसचं, म्हणजे पोरी राहायच्या त्या वसतिगृहाचं, दार बंद व्हायची. त्या घंटांचं छापील वेळापत्रक आजही बघायला मिळतं. दिवसाला बारा-तेरा तास काम, कापसाच्या धुरळ्यात, यंत्रांचा आवाज असा की शेजारणीशी बोलायचं तर ओरडायला लागायचं. आणि तरीही त्या पोरींना पहिल्यांदा स्वतःच्या हातात स्वतःचा पगार मिळाला, लेक्चरं ऐकायला मिळाली, त्यांनी स्वतःचं मासिक काढलं. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही एकत्रच सांगावं लागतं, एक सांगून दुसरं लपवलं तर ते खोटं होतं.

१८३४ मध्ये पगार कापायचं ठरलं तेव्हा या पोरी काम सोडून रस्त्यावर आल्या, १८३६ ला बोर्डिंग हाऊसचे दर वाढवले तेव्हा पुन्हा रस्त्यावर आल्या. त्यांचं म्हणणं साधारण असं होतं की आम्ही स्वतंत्र माणसांच्या मुली आहोत, आम्हाला गुलाम करू नका. आता इथे थांबा आणि एक धागा ओढून बघा. या गिरण्यांमध्ये कापूस कुठून येत होता? दक्षिणेतल्या मळ्यांवरून, जिथे खरोखरचे गुलाम तो वेचत होते. आणि लोवेलच्या जाड्याभरड्या कापडातलं काही परत तिकडेच जायचं, गुलामांच्या अंगावर घालायला, त्या कापडाचं नावच तिकडे "लोवेल" पडलं होतं. एका गावाचा नफा दुसऱ्या कुठल्या गावातल्या कुणाच्या अंगावरून येतो हे शोधल्याशिवाय वाचन पुरं होत नाही, हे मी लोवेलवरून शिकले.

घड्याळाची गोष्ट पुढेही चालूच राहते. १८८३ च्या नोव्हेंबरपर्यंत प्रत्येक गावाची वेळ सूर्याप्रमाणे वेगळी होती, रेल्वे कंपन्यांनी आपल्या सोयीसाठी सगळ्या देशाचे टाईम झोन पाडले आणि बहुतेक लोकांनी घड्याळं लावून घेतली, सरकारी कायदा व्हायला त्यानंतर १९१८ उजाडलं. आजच्या गावात बघायचं असेल तर गोदामातल्या शिफ्टच्या वेळा बघा, आणि पाळणाघरं किती वाजता उघडतात ते बघा, दोन्हीचा मेळ बसतो का ते लगेच कळेल.

कोण आलं, कुठून आलं

जनगणना दर दहा वर्षांनी होते, १७९० पासून. गावाची लोकसंख्या एका कागदावर उभी लिहून काढा, एवढं केलं तरी अर्धी गोष्ट समोर येते. यंगस्टाउन १९३० मध्ये १,७०,००२, आणि २०२० मध्ये ६०,०६८. डेट्रॉइट १९५० मध्ये साडेअठरा लाख, २०२० मध्ये ६,३९,१११. गॅरी १९६० ला पावणेदोन लाखाच्या वर, आता सत्तर हजारसुद्धा नाही.

पण नुसती बेरीज नको, माणसं कोण ते बघा. लोवेलला आधी शेतकऱ्यांच्या पोरी, मग आयरिश, मग फ्रेंच कॅनेडियन, मग ग्रीक, आणि गिरण्या कधीच्या बंद पडल्यावर १९८० च्या दशकात कंबोडियातून जीव वाचवून आलेली माणसं. प्रत्येक नव्या लाटेला आधीच्या लाटेने नाकं मुरडली. मालकांनी त्याचा फायदाही घेतला, एका भाषेचे कामगार संपावर गेले की दुसऱ्या भाषेचे आणायचे. दक्षिणेतून १९१० ते १९७० मध्ये साधारण साठ लाख कृष्णवर्णीय माणसं उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांकडे आली, तिकडच्या जाचातून सुटायला आणि कारखान्यातल्या पगारासाठी, आणि शेवटी शेवटी तर कापूस वेचायचं यंत्र आल्यामुळे शेतावर काम उरलंच नाही म्हणून. म्हणजे एका ठिकाणचं यंत्र माणसाला ढकलतं आणि दुसऱ्या ठिकाणचं यंत्र ओढतं. हे दोन्ही टोकांनी वाचा.

आता खुंटी

इथे खूप वेळ द्या, घाई करू नका, कारण अमेरिकेचं वेगळेपण इथेच आहे.

१९१३ मध्ये फोर्डच्या हायलंड पार्क कारखान्यात सरकती असेंब्ली लाईन आली. एका गाडीची चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, जोडायला साडेबारा तास लागायचे ते दीड तासावर आलं. पण कामगार टिकेनात. दिवसभर एकच नट पिळायचा, माणूस वेडा होईल नाहीतर काय, लोक येत होते आणि सोडून जात होते, इतके की वर्षभरात जागा तीन-चारदा नव्याने भरायला लागायच्या. म्हणून जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने जाहीर केलं, दिवसाला पाच डॉलर आणि आठ तास काम. तोपर्यंतच्या पगाराच्या दुपटीहून जास्त. गेटवर हजारोंची झुंबड उडाली. हे सगळे सांगतात, पण पुढचं फारसं कुणी सांगत नाही, की ते पाच डॉलर सरसकट नव्हते. कंपनीने एक खातंच उघडलं, त्याची माणसं कामगाराच्या घरी येऊन बघायची की घर स्वच्छ आहे का, दारू पितो का, बचत करतो का, भाडेकरू किती कोंबलेत. पास झालात तर पूर्ण पाच. म्हणजे पगाराबरोबर मालक स्वयंपाकघरात आला.

पुढे युनियन आल्या. १९३५ च्या वॅग्नर कायद्याने युनियन करायचा हक्क पक्का झाला, १९३६ च्या डिसेंबरात मिशिगनमधल्या फ्लिंटला जनरल मोटर्सचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले, ४४ दिवस, कडाक्याच्या थंडीत, बायका बाहेरून जेवण पोचवत होत्या, आणि शेवटी कंपनीने युनियन मान्य केली. मग दुसरं महायुद्ध. सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं पण विमा वगैरे सवलतींना मोकळीक दिली, कामगार तर हवेच होते, मग कंपन्या आजारपणाचा विमा देऊन माणसं ओढायला लागल्या, आणि १९५४ च्या करकायद्याने कंपनीने भरलेल्या विम्यावर कर नाही हे पक्कं झालं. झालं, तिथून अमेरिकन माणसाचं दवाखान्याचं बिल नोकरीच्या खुंटीला जे टांगलं गेलं ते आजपर्यंत. १९५० मध्ये जनरल मोटर्स आणि युनियनचा पाच वर्षांचा मोठा करार झाला, महागाईप्रमाणे पगार, पेन्शन, विम्याचा अर्धा खर्च कंपनीचा, त्या बदल्यात कामाचा वेग आणि कारखाना कसा चालवायचा हे कंपनी ठरवणार. युनियनचे पुढारी खरं तर देशभरासाठी सरकारी विमा मागत होते, तो मिळाला नाही म्हणून कंपनीकडून घेतला. त्या वेळी तो विजयच वाटला असणार आणि होताच, पण सगळं सामान एकाच खुंटीला लागलं.

ही खुंटी तुटली की काय होतं ते बघायला साउथ बेंडला चला, इंडियानात. स्टुडबेकर नावाची मोटार कंपनी, डिसेंबर १९६३ मध्ये तिथला कारखाना बंद केल्याचं जाहीर झालं. पेन्शनच्या फंडात पुरेसा पैसाच नव्हता. साठीच्या पुढच्यांना पूर्ण पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या चार हजारांवर कामगारांना हक्काच्या रकमेतल्या डॉलरमागे साधारण पंधरा सेंट. त्याहून लहान असतील त्यांना शून्य. विचार करा, माणूस एकोणसाठ वर्षांचा, पस्तीस-चाळीस वर्षं त्याच कारखान्यात घालवलेली, आणि बाजूला उभा असलेला साठ वर्षांचा त्याचा मित्र पूर्ण पेन्शन घेऊन घरी जातोय. मला ही गोष्ट वाचून रात्री झोप आली नव्हती. यातूनच पुढे १९७४ मध्ये पेन्शनचा मोठा कायदा झाला आणि बुडालेल्या पेन्शनींसाठी सरकारी हमी आली. आणि त्यानंतर काही वर्षांतच कंपन्यांनी ठरावीक पेन्शनच देणं कमी करत नेलं, १९७८ च्या करकायद्यातल्या एका कलमावरून फोर-ओ-वन-के निघालं, म्हणजे तुमचे पैसे तुम्ही साठवा, शेअर बाजार पडला तर तुमचं नशीब.

तेव्हा तुमच्या गावातल्या कारखान्याबद्दल हे एक एक करून विचारा: विमा कुणाचा, पेन्शन कुठल्या प्रकारची, घर कंपनीचं होतं की स्वतःचं, शाळेला पैसा कुठून, आणि बंद झाल्यावर यातलं काय किती दिवस टिकलं. नोकरी गेल्यावर जुना विमा साधारण दीड वर्ष चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता स्वतःच्या खिशातून, कंपनीचा वाटासुद्धा आपणच भरायचा, आणि पगार तर बंद. कंपनीने विमा योजनाच गुंडाळली तर तेही नाही. २०१० च्या आरोग्यविम्याच्या कायद्यानंतर बाहेरून विमा घ्यायची थोडी सोय झाली, त्याआधी जुना आजार असलेल्याचे काय हाल असतील ते वेगळं सांगायला नको.

कुणाला खुंटी मिळालीच नव्हती

"पूर्वी सगळं चांगलं होतं, एका पगारात घर चालायचं" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक गावात ऐकायला येईल. ऐकून घ्या, कारण सांगणाऱ्याच्या घरात ते खरं असतं. पण लगेच विचारा, कुणाच्या घरात?

१९३० च्या दशकात सरकारी गृहकर्जाच्या संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले, चांगली वस्ती हिरवी, मग निळी, मग पिवळी, आणि "धोक्याची" लाल. कृष्णवर्णीय वस्त्या जवळजवळ सरसकट लाल. तिथे घरासाठी कर्ज मिळणं मुश्किल. हे नकाशे आता रिचमंड विद्यापीठाच्या साइटवर बघता येतात, तुमच्या गावाचा असेल तर सॅनबॉर्नच्या नकाशाशेजारी ठेवा. युद्धावरून परतलेल्यांना १९४४ च्या कायद्याने कॉलेज आणि घरकर्जाची मदत मिळाली, कागदावर सगळ्यांना, पण प्रत्यक्षात बँकेच्या दारातून कृष्णवर्णीय सैनिक परत पाठवले जात होते. कारखान्यातही तसंच. पोलादात कृष्णवर्णीय कामगारांना कोक ओव्हन (कोळसा भाजायच्या भट्ट्या), भट्टीची तोंडं अशी भाजून काढणारी कामं, आणि सिनियॉरिटी प्रत्येक खात्याची वेगळी, म्हणजे चांगल्या खात्यात बदली घेतली तर परत शून्यापासून सुरुवात. १९७४ मध्ये नऊ पोलाद कंपन्या, युनियन आणि सरकार यांच्यात कोर्टाच्या मार्फत तडजोड झाली आणि ही भिंत पडली. आणि १९७७ पासून कारखानेच बंद पडायला लागले. दार उघडलं तेव्हा घरच कोसळत होतं. यंगस्टाउन किंवा गॅरीबद्दल लिहिताना ही दोन वर्षं शेजारी शेजारी लिहा.

का गेला, हे एका शब्दात सांगू नका

१९ सप्टेंबर १९७७, सोमवार. यंगस्टाउन शीट अँड ट्यूब कंपनीने कॅम्पबेल वर्क्सचा बराचसा भाग बंद करत असल्याचं जाहीर केलं, पाच हजारच्या आसपास कामगार. तिथे अजून त्याला ब्लॅक मंडे म्हणतात. कारण विचारलं तर प्रत्येक जण एक एक नाव सांगेल. जपानचं पोलाद. युनियन. सरकारचे प्रदूषणाचे नियम. जरा खणा. कंपनी १९६९ मध्येच न्यू ऑर्लिन्सच्या एका जहाज कंपनीने विकत घेतली होती, यंत्रं जुनाट झाली होती आणि त्यात पैसा घातला जात नव्हता, निर्णय घेणारी माणसं गावातली नव्हती. गावातल्या चर्चवाल्यांनी एकत्र येऊन कारखाना कामगारांच्या आणि गावाच्या मालकीचा करायचा प्रयत्न केला, केंद्र सरकारकडे कर्जाची हमी मागितली, १९७९ मध्ये ती नाकारली गेली.

मी कारणं वेगवेगळ्या ओळीत लिहिते आणि प्रत्येकासमोर पुरावा मागते. यंत्रामुळे गेलं का? एक टन पोलादाला १९८० च्या सुमाराला साधारण दहा मनुष्य-तास लागत होते, आता दोनच्या आसपास. दुसऱ्या राज्यात गेलं का? भंगार वितळवून विजेच्या भट्टीत पोलाद करणारे छोटे कारखाने दक्षिणेत निघाले, जिथे युनियन कमी. दुसऱ्या देशात गेलं का? मेक्सिकोबरोबरचा व्यापार करार १ जानेवारी १९९४ ला लागू झाला, चीन डिसेंबर २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला, आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या हिकरीसारख्या फर्निचरच्या गावांना त्यानंतर जो फटका बसला तो यंत्राने समजावता येत नाही. देशभरातल्या कारखान्यांमधल्या नोकऱ्या १९७९ मध्ये १ कोटी ९५ लाख होत्या, २०१० च्या सुरुवातीला १ कोटी १५ लाखाच्या आसपास उरल्या, आणि यातली मोठी घसरण २००० नंतरच्या दहा वर्षांत आहे. गावानुसार कारणांचं प्रमाण बदलतं. एका गावाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नका.

१९८८ चा एक कायदा आहे, शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या कंपनीने प्लांट बंद करायच्या ६० दिवस आधी नोटीस द्यायची. त्या नोटिसा बहुतेक राज्यांच्या कामगार खात्याच्या साइटवर असतात. गाव आत्ता बदलत असेल तर तिथे आधी दिसतं, पेपरात नंतर.

बंद झाल्यानंतरची पाच वर्षं, मग वीस वर्षं

पहिल्या वर्षी गाव फारसं बदललेलं दिसत नाही. बेकारी भत्ता असतो, साठवलेलं असतं, लोक म्हणतात परत उघडेल. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून शाळेकडे बघा. अमेरिकेत शाळांच्या पैशातला निम्म्याच्या जवळपास हिस्सा स्थानिक असतो आणि तो मुख्यतः घर-जमिनीवरच्या करातून येतो. कारखाना म्हणजे गावातली सगळ्यात मोठी करपात्र मालमत्ता. ती गेली की शाळेत बँड बंद, नर्स बंद, मग शिक्षक कमी, मग ज्यांना जमतं ती कुटुंबं पोरांसाठी दुसऱ्या गावाला, मग घरं पडून, घरांच्या किमती खाली, मग कर अजून कमी. ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये सांगितलं की शाळांसाठी घरपट्टीवर इतकं अवलंबून राहणं राज्याच्या घटनेत बसत नाही. त्यानंतरही वर्षानुवर्षं वाद चालूच राहिला. शाळेच्या बोर्डाच्या मीटिंगची जुनी टिपणं मिळाली तर जरूर वाचा, कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकापेक्षा त्यात जास्त कळतं.

आणि लोक गाव सोडून का जात नाहीत हा प्रश्न विचारू नका प्लीज. घर विकत घेतलेलं, त्याला आता गिऱ्हाईक नाही. आई-बाप तिथे. पोराला सांभाळायला आजी तिथे. जातात ते तरुण आणि शिकलेले, उरतात ते थकलेले, आणि मग गावाचं सरासरी वय वाढत जातं. शरीरं तर कारखान्यात झिजलेलीच, पाठ, गुडघे, फुफ्फुसं. १९९६ नंतर त्या दुखण्यावर ज्या ताकदीच्या, अफूसारखं व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्या सढळ हाताने लिहून दिल्या गेल्या त्यांनी वेस्ट व्हर्जिनिया, ओहायो, केंटकीतली गावंच्या गावं पोखरली. त्या गोळ्यांचा दोष नुसत्या बेकारीवर टाकता येणार नाही, विकणाऱ्यांनी विकल्या म्हणून त्या आल्या, पण जमीन आधीच भुसभुशीत झाली होती.

त्या जागी काय आलं

यात सगळ्यात जास्त फसायला होतं. "नवीन नोकऱ्या आल्या" असं वाचलं की परत खुंटीचेच प्रश्न विचारा. बाल्टिमोरजवळ स्पॅरोज पॉइंटला बेथलेहेम स्टीलचा अवाढव्य कारखाना होता, १९५० च्या दशकाच्या शेवटी जगातला सगळ्यात मोठा, तीस हजारांच्या आसपास माणसं. २०१२ ला बंद पडला. आज त्याच जमिनीवर ॲमेझॉन, फेडेक्स यांची गोदामं आहेत. माणसं कामाला आहेत, हे खरंय. पण पेन्शन? शिफ्ट किती दिवस आधी कळते? तिथे कुणी वीस वर्षं टिकतं का? पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेम गावात भट्ट्या थंड झाल्या १९९५ मध्ये, २००९ ला शेजारी कॅसिनो उघडला, भट्ट्या तशाच उभ्या ठेवून त्यांच्या पायथ्याशी गाण्याचे कार्यक्रम होतात. आणि लोवेलचं तर दोनदा झालं. गिरण्या गेल्यावर वँग नावाच्या कॉम्प्युटर कंपनीने तिथे टॉवर बांधले, सगळे म्हणाले गाव सावरलं, १९९२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सहा कोटी डॉलर लागलेले टॉवर १९९४ मध्ये सव्वापाच लाखाला लिलावात गेले. एका मोठ्या मालकाच्या जागी दुसरा मोठा मालक आला की धोका तसाच राहतो.

चांगलंही घडतं, ते पण लिहा. ओहायोतल्या लॉर्डस्टाउनचा जनरल मोटर्सचा प्लांट २०१९ मध्ये बंद झाला, शेजारी बॅटरीचा नवा कारखाना उभा राहिला, तिथल्या कामगारांनी डिसेंबर २०२२ मध्ये प्रचंड बहुमताने युनियनला मत दिलं. देशभरात आता दहातला एकच कामगार युनियनमध्ये आहे, १९५० च्या दशकात तिनातला एक होता, त्यामुळे असं एखादं मतदानसुद्धा मोठी गोष्ट आहे.

पिट्सबर्गमध्ये यू.एस. स्टीलची ६४ मजली बिल्डिंग आहे, स्वतःच्याच पोलादाची. तिच्या माथ्यावर आता हॉस्पिटल कंपनीची अक्षरं आहेत. मला वाटतं याहून सरळ पुरावा मिळणार नाही. पोलाद गेलं, म्हातारे कामगार उरले, त्यांच्याकडे युनियनने मिळवलेला चांगला विमा होता, तो हॉस्पिटलांना मिळत गेला, हॉस्पिटलं वाढली आणि कामगारांच्या बायका-मुली तिथे कामाला लागल्या, पोलादाच्या पगारापेक्षा खूप कमी पगारावर.

सुरुवात कुठून करायची ते सांगते. १९५० च्या जनगणनेचे मूळ हस्तलिखित कागद ७२ वर्षांनी, एप्रिल २०२२ मध्ये खुले झालेत, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर फुकट. होमस्टेड काढा, किंवा तुमचं गाव, एकच गल्ली घ्या. घरोघर जाऊन कुणीतरी शाईने लिहिलंय. पुरुषांच्या नावापुढे गेल्या आठवड्यात काय केलं त्या रकान्यात कामाची खूण, पुढे धंदा, स्टील मिल, स्टील मिल, स्टील मिल, पान संपेपर्यंत. बायकांच्या नावापुढे घरकामाची एक खूण, एच, आणि पुढचे रकाने बहुतेक रिकामे. मग आजच्या गूगल नकाशाच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये तीच गल्ली उघडा, मागे सरकवता येतं, २००७ पर्यंतचे फोटो मिळतात बऱ्याच ठिकाणी. किती घरं उभी आहेत ते मोजा. आणि मग तिथून जवळच्या हॉस्पिटलची सकाळी सातची शिफ्ट धरायची तर पहिली बस कितीला आहे, ते टाईमटेबलमध्ये बघा.